तास संपताना मुलाला काय येईल?

(एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांना अधिक आहे. त्यांतले कितीतरी जण या सभागृहात बसले आहेत. म्हणून मी त्यांच्या कामाविषयी बोलणार आहे. त्यांचे काम म्हणजे रोजचा तास. शिक्षणावरच्या व्याख्यानांत राष्ट्र येते, संस्कृती येते, धोरण येते. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास मात्र क्वचितच येतो. आज मी त्या तासाविषयी, आणि त्यातही तासाआधी टाचणवहीत लिहायच्या एका वाक्याविषयी बोलणार आहे. ते वाक्य म्हणजे पाठाचे उद्दिष्ट.

माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे पुढचा विस्तार कशासाठी आहे ते आपल्या लक्षात राहील. उद्दिष्ट असे लिहावे, की तास संपायच्या आत कोणाला आले आणि कोणाला आले नाही हे त्याच्या आधारे शिक्षकाला कळावे, आणि ते कळल्यामुळे उद्याचा तास बदलावा. ज्या वाक्याने एवढे होत नाही, ते कितीही सुवाच्य अक्षरात लिहिले असले तरी वर्गाच्या कामाचे नाही. असे वाक्य लिहिणे ही वर्गातल्या सर्वांत मागे राहिलेल्या मुलाशी न्यायाने वागण्याची सुरुवात आहे, असे मी मनापासून मानतो.

या विचाराला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात सुमारे तीस माध्यमिक शाळांनी आठ वर्षे चालणारा एक प्रयोग हाती घेतला होता. या शाळांना ठरीव अभ्यासक्रमातून मोकळीक मिळाली होती. मग प्रश्न आला, की प्रत्येक शाळा वेगळे शिकवणार असेल तर मुले शिकली की नाही हे ठरवायचे कसे? मूल्यमापनाची जबाबदारी राल्फ टायलर यांच्याकडे होती. त्यांनी शिक्षकांनाच विचारायला सुरुवात केली: तुमच्या शिकवण्याने मुलांत नेमका कोणता बदल व्हावा असे तुम्हाला वाटते? तो झाला हे तुम्ही कशावरून ओळखाल? या अनुभवातून टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमावर एक छोटे पुस्तक लिहिले. उद्दिष्टे लिहिताना होणाऱ्या तीन चुका त्यांनी त्यात दाखवल्या आहेत. पुस्तक शिकागोचे असले तरी त्या चुका आजही आपल्याकडच्या कोणत्याही टाचणवहीत सापडतील.

पहिली चूक म्हणजे शिक्षक काय करणार ते लिहिणे. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख करून देणे.’ शिक्षकाने फळ्यावर अपूर्णांक लिहिले, दोन उदाहरणे सोडवली, की ओळख करून दिली. हे उद्दिष्ट एकही मूल न शिकता पूर्ण होऊ शकते. दुसरी चूक म्हणजे घटकांची यादी देणे. ‘अपूर्णांक: प्रकार, तुलना, बेरीज.’ ही अनुक्रमणिका झाली. तुलनेचे मुलाने करायचे काय, हे तिच्यात नाही. तिसरी चूक दिसायला सर्वांत भारदस्त असते. ‘विद्यार्थ्यांच्या तर्कशक्तीचा विकास करणे.’ तर्क कशाविषयी, कोणत्या पातळीवर, आणि तो आज दिसणार कशात? हे वाक्य गणिताच्या तासाला चालते, इतिहासाच्या तासाला चालते आणि खेळाच्या तासालाही चालते. जे सगळीकडे चालते त्यातून आज काय शिकवायचे ते कळत नाही.

टायलर यांचे म्हणणे सरळ होते. उद्दिष्टात दोन गोष्टी एकत्र हव्यात: मूल काय करील, आणि ते कोणत्या आशयाबाबत करील.

टायलर यांच्याबरोबर शिकागो विद्यापीठात काम केलेल्या बेंजामिन ब्लूम यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने डी.एड.ला किंवा बी.एड.ला पाठ केलेले आहे. त्यांच्या संपादनाखालचे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध झाले: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. ते कोणासाठी केले गेले, हे मात्र आपल्याला सहसा सांगितले जात नाही. विद्यापीठांतल्या परीक्षकांना एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत, आपला प्रश्न कोणती क्षमता तपासतो हे एका भाषेत बोलता यावे, यासाठी परीक्षकांच्या गटाने ते सुरू केले होते. प्रश्नपत्रिकेत निव्वळ पाठांतराचेच प्रश्न किती भरले आहेत, हे त्या कोष्टकात प्रश्न मांडले की लख्ख दिसत असे. रोजच्या तासाच्या टाचणात सहाही कप्पे भरावेत, अशी त्यामागे कल्पना नव्हती.

हा विचार आपल्याकडे फार लवकर आला. माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने १९५३ साली बाह्य परीक्षांच्या वर्चस्वावर कठोर टीका केली. १९५६ साली भोपाळला परीक्षासुधारणेवर चर्चासत्र झाले, १९५७ साली ब्लूम स्वतः भारतात आले, त्यांनी कार्यशाळा घेतल्या, आणि १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला. पुढे १९६१ साली स्थापन झालेल्या एनसीईआरटीमध्ये हे काम सामावले गेले. म्हणजे उद्दिष्ट, अध्ययन अनुभव आणि मूल्यमापन यांचा त्रिकोण आपल्या अध्यापक विद्यालयांत कित्येक दशकांपासून शिकवला जातो. मग तो वर्गात का पोचला नाही?

मला दिसणारे कारण असे आहे. आपण ब्लूम यांचे वर्गीकरण घेतले आणि त्याचे रकाने केले. टाचणाच्या कागदावर ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ असा रकाना आला. ज्ञान म्हटले की ‘विद्यार्थी स्मरण करतो’, आकलन म्हटले की ‘विद्यार्थी फरक सांगतो’, उपयोजन म्हटले की ‘विद्यार्थी दैनंदिन जीवनात वापर करतो’, अशी जोडीची वाक्ये ठरून गेली. सरावपाठाच्या आदल्या रात्री छात्राध्यापक ती मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेतो. निरीक्षक रकाना भरला आहे का ते पाहतात. पाठ होतो, शेरा मिळतो. या सगळ्यात त्या वाक्याचा वर्गातल्या मुलाशी एकदाही संबंध येत नाही. नोकरी लागल्यावर तोच शिक्षक केंद्रप्रमुखांसाठी तीच वाक्ये लिहितो. दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्याला कोणी हे वाक्य मुलासाठी लिहायला सांगितलेच नाही.

आता एक तास घेऊन हे तपशिलात पाहू. इयत्ता पाचवी, विषय गणित, घटक अपूर्णांकांची तुलना. ज्यांनी पाचवीला शिकवले आहे त्यांना ठाऊक आहे, की मुलाला एक पंचमांश मोठा की एक तृतीयांश असे विचारले तर पुष्कळ मुले एक पंचमांश म्हणतात. पाच हा तीनापेक्षा मोठा आहे, एवढे साधे त्यांचे कारण असते, आणि आजवरच्या सगळ्या गणितात ते कारण बरोबर ठरलेले असते. मग आपण नियम देतो: अंश सारखे असतील तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान. मुले नियम पाठ करतात, स्वाध्यायातली दहा उदाहरणे बरोबर येतात, तास यशस्वी होतो.

त्याच मुलांना आता एक द्वितीयांश आणि पाच अष्टमांश यांतला मोठा विचारा. बरीच मुले एक द्वितीयांश म्हणतील, कारण आठ हा छेद मोठा आहे. म्हणजे नियमाचा पुढचा अर्धा भाग लक्षात राहिला, ‘अंश सारखे असतील तर’ ही अट गळून पडली. आधी एका समजुतीने चुकणारे मूल आता दुसऱ्या समजुतीने चुकते. आणि ‘विद्यार्थी अपूर्णांकांची तुलना करतो’ एवढेच उद्दिष्ट लिहिले असेल, तर शिक्षकाला हे कधीच दिसणार नाही, कारण स्वाध्यायातली दहाही उत्तरे बरोबर आहेत.

म्हणून उद्दिष्ट असे लिहून पाहू: ‘अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता ते विद्यार्थी सांगतो, सारख्या लांबीच्या पट्ट्या आखून एक भाग केवढा होतो ते दाखवतो आणि त्यावरून कारण देतो, आणि अंश समान नसतील तेथे हे कारण चालत नाही हे ओळखतो.’ वाक्य लांबले खरे. पण बघा, या वाक्याने तास आपोआप आखला गेला. साधन कोणते हवे ते कळले. पस्तीस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. एकीचे पाच समान भाग केले तर एक भाग सात सेंटिमीटरचा होतो, दुसरीचे सात भाग केले तर एक भाग पाच सेंटिमीटरचा. तीन पंचमांश म्हणजे एकवीस सेंटिमीटर, तीन सप्तमांश म्हणजे पंधरा. मूल पट्टीने मोजून स्वतः पाहते, की भाग जास्त केले की प्रत्येक भाग लहान होतो, आणि तेवढेच तीन भाग घेतले तर एकूणही लहानच भरते. दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या का घ्यायच्या, हा प्रश्नही वर्गातच उभा राहतो, आणि अपूर्णांकांच्या तुलनेत तो मूलभूत आहे. लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीची चतकोर यांत खायला जास्त कोणती, याचे उत्तर भाकरी पाहिल्याशिवाय देता येत नाही.

तास कशाने संपवायचा तेही या वाक्यातच आहे. शेवटची पाच मिनिटे, दोन प्रश्न, कागदाच्या चिठ्ठीवर किंवा पाटीवर. पहिला: तीन पंचमांश आणि तीन सप्तमांश यांत मोठा कोणता, आणि का? दुसरा: एक द्वितीयांश आणि पाच अष्टमांश यांच्यासाठी आजचे कारण वापरता येईल का? येथे उत्तर काढणे अपेक्षित नाही. ‘नाही, कारण अंश सारखे नाहीत’ एवढे मुलाने म्हटले तरी आजचा तास साधला. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे होतील: उत्तर बरोबर आणि कारणही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, उत्तरच चुकले. उद्या पहिल्या गटाला चोवीस सेंटिमीटरच्या पट्टीवर बारा आणि पंधरा सेंटिमीटर मोजून दुसरा प्रश्न सोडवू द्या. दुसऱ्या गटाकडून कारण बोलवून घ्या. तिसऱ्या गटाबरोबर शिक्षकाने स्वतः बसावे, आणि बहुधा त्यांना तुलना नव्हे, तर समान भाग म्हणजे काय तेच पुन्हा दाखवावे लागेल. गवंडी ओळंबा प्रत्येक थराला लावतो, भिंत पूर्ण झाल्यावर लावत नाही; शिक्षकाची ही पाच मिनिटे त्याच जातीची आहेत.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या उद्दिष्टातला कठीण भाग क्रियापदाचा नव्हता. ‘सांगतो’, ‘दाखवतो’, ‘ओळखतो’ ही क्रियापदे कोणत्याही यादीत मिळतात. कठीण होते ते मूल नेमके कोठे आणि का चुकते हे माहीत असणे. म्हणून चांगले उद्दिष्ट छापील पुस्तकातून उतरवता येत नाही. ते मुलांच्या वह्यांतून निघते. ज्या शिक्षकाने पाचवीच्या चुकांकडे लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला ‘अंश समान नसतील तेथे’ हे शब्द सुचतात.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली उद्दिष्टलेखनावर एक पुस्तिका लिहिली. कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची, आणि कितपत जमली म्हणजे जमली म्हणायचे, अशी तीन अंगे त्यांनी सांगितली. कृतीविषयी आपण बोललो. परिस्थिती या दुसऱ्या अंगाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, आणि आपल्या राज्यात तर तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारकडचे पावरी बोलणारे मूल तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला बसले आहे. उद्दिष्ट आहे, ‘गावातील पाण्याचे स्रोत सांगतो.’ त्या मुलाला गावचा झरा, विहीर, हापसा, नाला सगळे ठाऊक आहे. उन्हाळ्यात कोणता आटतो तेही ठाऊक आहे. ते त्याने आपल्या बोलीत सांगितले, किंवा नकाशात काढून दाखवले, तर उद्दिष्ट साधले की नाही? ‘आपल्या बोलीत किंवा चित्राने’ एवढे चार शब्द शिक्षकाने लिहिले असते तर उत्तर ठरलेले असते: साधले. ते न लिहिल्यामुळे हे मूल परिसर अभ्यासात नापास होते, आणि खरे तर नापास होते ते प्रमाण मराठीत, जिची परीक्षा त्या तासाला नव्हतीच. मराठीच्या तासाला वेगळे उद्दिष्ट लिहावे, तेथे मराठी शब्द अवश्य शिकवावेत. पण दोन गोष्टी एकाच वाक्यात न सांगता मिसळल्या की त्याचा भुर्दंड नेहमी एकाच मुलाला पडतो. दृष्टिहीन मूल, अडखळत बोलणारे मूल, लिहिताना हात थरथरणारे मूल, या सगळ्यांना हेच लागू आहे.

येथे मला न्यायाचा मुद्दा दिसतो. उद्दिष्ट अस्पष्ट असले की तोटा सगळ्यांचा सारखा होत नाही. ज्या घरी पुस्तके आहेत, ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत, त्या मुलांना शिक्षकाला काय हवे आहे ते न सांगताच उमगते. निबंधात काय लिहिले म्हणजे चांगला, उत्तराला कारण जोडायचे असते, व्याख्या पुस्तकातली हवी की स्वतःच्या शब्दांत चालेल, हे घरातच कोणीतरी सांगते. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी शाळेत आले आहे, त्याला हे शाळेने सांगितले तरच कळणार.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळेत काय यावे, हे त्यांनी मोघम ठेवले नाही. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शेतीच्या धड्यांना जोडून लहानसे नमुना शेत असावे आणि तेथे प्रत्यक्ष शिकवावे, अशीही सूचना केली. शिकवायचे काय आणि ते कोठे करून दाखवायचे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. मोडी का? कारण तेव्हाचा बराचसा कागदपत्राचा व्यवहार मोडीत चाले, आणि न वाचता अंगठा उठवणारा माणूस फसवला जाई. ज्यांना फसवले गेले आहे त्यांच्या बाजूने विचार करणारा माणूस शिक्षणाची उद्दिष्टे मोघम लिहीतच नाही.

म्हणून उद्दिष्ट मुलाला कळले पाहिजे. आपल्या पाठात ‘हेतुकथन’ नावाची एक पायरी आहे. शिक्षणतज्ज्ञ हर्बर्ट यांच्या अनुयायांनी बसवलेल्या पाठाच्या पायऱ्यांच्या परंपरेतून ती आपल्याकडे आली. ‘विद्यार्थ्यांनो, आज आपण अपूर्णांकांची तुलना शिकणार आहोत,’ असे म्हणून, फळ्यावर शीर्षक लिहून आपण ती उरकतो. त्याऐवजी वर्गाला असे सांगून पाहा: ‘आज तास संपताना मी दोन अपूर्णांक देईन. त्यांतला मोठा कोणता ते तुम्ही सांगायचे, आणि शेजारच्याला पटेल असे कारण द्यायचे.’ मग मूल तासभर कशाकडे लक्ष द्यायचे ते जाणते. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली वर्गातल्या चालू मूल्यमापनावरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला, त्याचा एक निष्कर्ष असाच होता: कोठे पोचायचे आहे आणि आपण आत्ता कोठे आहोत हे मुलाला स्वतःला कळले, तर ते अधिक शिकते, आणि याचा लाभ मागे असलेल्या मुलांना जास्त होतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप कलेचा आहे. कविता शिकवताना उद्दिष्ट आधीच कसे ठरवणार? अमेरिकेतले कलाशिक्षक आणि विचारवंत एलियट आइसनर यांनी १९६०च्या दशकात हाच प्रश्न विचारला. काही अनुभव असे असतात, की त्यांतून प्रत्येक मूल वेगळे काही घेऊन येणार. ते आधी लिहून ठेवणे म्हणजे अनुभवच आखडता घेणे. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाऊस यांनीही म्हटले, की ज्ञान मुलाला जिकडे नेईल ते सगळे आधी सांगता येत नाही, आणि त्यातच ज्ञानाचे मोल आहे.

मला हे पूर्णपणे मान्य आहे. मुलांना आठवडी बाजारात न्यायचे असेल, नदीकाठी न्यायचे असेल, गावातल्या वयस्क माणसांशी बोलायला न्यायचे असेल, तर टाचणात लिहावे, ‘बाजारात जाऊन काय दिसले ते मुले आपल्या पद्धतीने मांडतात.’ हे अस्पष्ट उद्दिष्ट नाही. येथे मोकळे सोडायचे आहे, हे शिक्षकाने विचारपूर्वक ठरवले आहे. कवितेच्या तासाला आस्वादाला मोजपट्टी लावू नये, पण त्याच तासात एक गोष्ट मागता येते: आवडलेली ओळ निवडणे, आणि ती का आवडली ते कवितेतल्याच शब्दांकडे बोट दाखवून सांगणे. कोणती ओळ, हे मुलाचे. कारण कवितेत शोधणे, हे शिकवण्यासारखे. मोकळे काय सोडायचे आणि काय पक्के मागायचे, हे ठरवणाऱ्याचे उद्दिष्ट मला स्पष्टच वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो शासनाविषयी आहे. उद्दिष्टे स्पष्ट केली, की कोणीतरी ती मोजते. मोजली, की त्यांना पैसा, बढती किंवा शिक्षा जोडते. आणि मग शाळा मोजण्यापुरतीच शिकवू लागते. इंग्लंडमध्ये १८६२ सालच्या नियमावलीने वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरवले. शिक्षणनिरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी आपल्या अहवालांत त्याचे परिणाम लिहून ठेवले आहेत: मुले वाचनाचे पुस्तक पाठ करून निरीक्षकापुढे म्हणून दाखवीत. निकालानुसार अनुदान देण्याची हीच रीत मुंबई इलाख्यातही आली.

स्वतंत्र भारतात हेतू चांगला होता, पण कागदाचे वजन वाढत गेले. १९९० साली आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने किमान अध्ययन क्षमतांची इयत्तावार मांडणी केली. प्रत्येक मुलापर्यंत किमान इतके पोचलेच पाहिजे, ही तिच्यामागची भूमिका समतेची होती. प्रत्यक्षात क्षमतांचे तुकडे झाले आणि त्यांच्या नोंदींचे तक्ते झाले. २०१० साली आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मुलाकडे सतत पाहावे, हा त्याचा गाभा, पण कितीतरी शाळांत वर्णनात्मक नोंदी छापील पुस्तिकांतून उतरवल्या गेल्या. २०१७ साली अध्ययन निष्पत्ती आल्या, शिक्षणहक्काच्या केंद्रीय नियमांत त्यांना स्थान मिळाले, पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला त्या छापल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ निष्पत्ती चांगल्या लिहिलेल्या आहेत. पण त्या वर्षाच्या आहेत, तासाच्या नाहीत. निष्पत्तीचा क्रमांक टाचणात लिहिला म्हणून आजचे उद्दिष्ट लिहून होत नाही. वर्षाच्या निष्पत्तीपर्यंत जाण्यासाठी आज या वर्गात कोणती पायरी, हे फक्त त्या वर्गाचा शिक्षकच लिहू शकतो.

उलट बाजूची उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावेत, हे त्याचे उद्दिष्ट. त्या लोकांनी परीक्षाही तशीच ठेवली: पुस्तक उघडून लिहायची, आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवायचा. उद्दिष्ट एक आणि परीक्षा दुसरीच, असे झाले की मुले परीक्षेचेच ऐकतात. तेथे दोन्ही एकच होते, म्हणून उद्दिष्टाला अर्थ राहिला.

दुसरे उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे. २००५ पासून या पाहणीत मुलापुढे एक साधा कागद ठेवतात: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कोठपर्यंत वाचते, ते पाहायचे. हा कागद शाळेत न गेलेल्या आईलाही समजतो. वाचन एवढ्यावर संपत नाही, आणि कोणी वर्षभर तोच परिच्छेद घोकवून घेईल तर वाचनाची हानीच होईल. तरी आपल्या मुलाला काय यायला हवे हे गावाला समजेल अशा भाषेत सांगता येते, हे त्या कागदाने सिद्ध केले. शिक्षणतज्ज्ञांच्या कोणत्याही भाषेपेक्षा ही भाषा मला लोकशाहीच्या अधिक जवळची वाटते.

तर मग करायचे काय? मी मागण्या थोड्याच करतो, कारण शिक्षकावर आधीच पुष्कळ लादले आहे.

शिक्षकांना माझे सांगणे, की एका तासाला एकच उद्दिष्ट लिहा. लिहिण्याआधी शेवटच्या पाच मिनिटांचा प्रश्न लिहा. प्रश्न सुचला की उद्दिष्ट आपोआप नीट होते. प्रश्न सुचत नसेल तर उद्दिष्ट अजून ठरलेले नाही असे समजा. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाने रोज प्रत्येक इयत्तेसाठी हे करावे असे मी म्हणणार नाही. त्याने आज एका इयत्तेसाठी करावे, उद्या दुसऱ्या. बाकीच्या तासांचे टाचण एका ओळीचे असले तरी चालेल.

केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या (डाएट) सहकाऱ्यांना विनंती, की वही पूर्ण आहे का हे विचारणे थांबवा. वर्गात गेल्यावर दोनच प्रश्न विचारा: कालचे कोणाला आले नाही? त्यासाठी आज काय केले? ज्या शिक्षकाला याची उत्तरे देता येतात, त्याचे टाचण रिकामे असले तरी तो शिकवतो आहे. आणि ‘मला कळले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला शेरा न मिळता मदत मिळू द्या. भीती असेल तेथे सगळ्या मुलांना सगळे येते, असेच कागद सांगत राहतील.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत भाषणे कमी करा. प्रत्येक शिक्षकाने एकाच घटकाच्या तीन मुलांच्या वह्या आणाव्यात: एक चांगली, एक मधली, एक मागे पडलेली. टेबलाभोवती बसून चुका वाचाव्यात आणि त्या चुकांवरून पुढच्या तासाचे उद्दिष्ट सगळ्यांनी मिळून लिहावे. एका केंद्रात वर्षभर हे झाले, तर त्या परिसरातली मुले कोठे अडतात याचे असे ज्ञान जमेल, की ते कोणत्याही संदर्भग्रंथात मिळणार नाही. ते ज्ञान शिक्षकांचे स्वतःचे असेल.

अध्यापक विद्यालयांना एकच विनंती. सरावपाठाचे गुण उद्दिष्टांच्या रकान्याला देऊ नका. पाठ झाल्यावर छात्राध्यापकाने मुलांच्या चिठ्ठ्या वाचून कोणाला काय आले ते सांगावे, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यावरून बदलावा. गुण त्या बदलाला द्या.

आणि पालकांना, विशेषतः शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांना माझे सांगणे आहे. शाळेत गेल्यावर निकाल किती टक्के लागला हे विचारण्याबरोबर हेही विचारा: या महिन्यात माझ्या मुलीला नवीन काय येऊ लागले, आणि ते मी घरी कसे पाहू? हा प्रश्न विचारायला शिकलेले असण्याची गरज नाही. उत्तर समजेल अशा भाषेत मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि तसे उत्तर देता येणे हा शिक्षकाचा अभिमान असला पाहिजे.

आपल्या राज्यात शाळेत न जाणारी मुले एके काळी फार होती. त्यांना शाळेपर्यंत आणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आयुष्य वेचले, आणि ते काम बरेचसे तडीस गेले आहे. आता मूल वर्गात आहे. ते वर्षामागून वर्षे वर्गात बसते आणि कधी कधी काहीही न शिकता बाहेर पडते, आणि आपल्याला ते शेवटच्या परीक्षेपर्यंत कळत नाही, ही आजची मोठी उणीव आहे. ती भरून काढायला नवे धोरण लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. प्रत्येक तासाला या मुलाला आज काय यायला हवे हे शिक्षकाने एका सरळ मराठी वाक्यात ठरवावे, ते मुलाला सांगावे, तास संपायच्या आत पाहावे, आणि ज्याला आले नाही त्याच्यासाठी उद्या पुन्हा उभे राहावे. ज्या गुरुजींचे आपण आज स्मरण करतो, त्यांच्या पेशाचा मान यातच आहे.